एकाच चाकाची हवा सारखी उतरते? समुद्रकाठच्या गाड्यांसाठी तपासणीचा क्रम

दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ला, कुठल्याही गावात पंक्चरच्या दुकानापाशी थोडा वेळ थांबा, ही तक्रार कानावर येतेच: "परवा तर हवा भरली, आज परत चाक बसलं." दुकानदार चाक फिरवून बघतो, खिळा दिसत नाही, हवा मारून गाडी सोडून देतो. आठवड्याने तीच गाडी पुन्हा दारात. असं महिनोन् महिने चालतं. मधल्या काळात तेच चाक अर्धवट हवेवर आंबा घाट नाहीतर कुंभार्ली उतरून आलेलं असतं, आणि मागच्या सीटवर घरची माणसं बसलेली असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दर वेळी नुसती हवा भरली की गळतीचा माग पुसला जातो. गळती कुठून आहे हे एकदा नीट शोधलं, तर बहुतेक वेळा दुरुस्ती स्वस्तात होते. आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांत खिळ्याखेरीज आणखी दोन संशयित कायम असतात: रिमची कड आणि व्हॉल्व्ह. दोघांनाही खारी हवा खाते. पुण्या-नाशिकच्या अनुभवावर दिलेले सल्ले इथे अपुरे पडतात ते यामुळे.

कमी हवेने नेमकं बिघडतं काय? चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू दबते आणि सुटते. हवा कमी तितकी ती जास्त दबते, रबर आणि आतल्या दोऱ्या तापतात, आणि ही उष्णता आतल्या आत साठत जाते. चार माणसं, डिकीत सामान, मे महिन्याची दुपार, महामार्ग ६६ चा नवा रुंद पट्टा आणि काटा शंभरावर, एवढं जुळून आलं की दुबळी झालेली बाजू फुटते. लोक म्हणतात, उन्हाने टायर फुटला. ऊन निमित्त असतं. त्या टायरला आधी बरेच दिवस कमी हवेवर पळवलेलं असतं.

आधी पाच आकडे कागदावर

हवेचा गेज स्वतःचा घ्या. दुकानादुकानातल्या गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो, आणि आपल्याला नेमका तेवढ्याच फरकाचा माग काढायचा असतो. गेज एकच राहिला तर तो किंचित चुकीचा असला तरी चालतं, कारण आपण आजचा आकडा मागच्या आकड्याशी ताडून बघणार आहोत.

हवा मोजायची सकाळी, गाडी हलवण्याआधी. निदान तीन तास उभी असलेली गाडी हवी. चालून आल्यावर हवा तापून चार-पाच पीएसआय जास्त दाखवते. अशा वेळी "जास्त झाली" म्हणून सोडू नका. थंड झाल्यावर ती कमीच निघेल. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. बहुतेक लहान गाड्यांना तो आकडा ३० ते ३५ च्या दरम्यान असतो, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी पुष्कळदा वेगळा दिलेला असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरायची नसते.

चारही चाकं आणि स्टेपनी मिळून पाच आकडे तारखेसह लिहून ठेवा. आठवड्याने पुन्हा मोजा. आता कागद काय सांगतो ते बघा.

चारही चाकं महिन्याभरात सारखीच एक-दोन पीएसआयने उतरली असतील, तर काळजीचं कारण नाही. रबरातून एवढी हवा झिरपतेच. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त उतरलं असेल तर तिथे गळती आहे, मग ती रोज एक पीएसआय असो वा आठवड्याला दोन. आणि डावीकडची दोन्ही चाकं उतरत असतील तर रस्त्याची कडा आठवा. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की आपण डावी चाकं खाली उतरवतो. डांबराची धारदार कड आणि बाजूला पडलेले जांभ्याचे चिरे त्याच बाजूला लागतात. तिथे रिम वाकलेली निघण्याची शक्यता धरून चला.

थंडीमुळे हवा उतरली, हे कारण किनाऱ्यावर फारसं टिकत नाही. तापमान साधारण पाच-सहा अंशांनी घसरलं की एक पीएसआय हवा कमी दिसते, पण इथला पारा वर्षभर तसा फार हलत नाही. डिसेंबरात रत्नागिरीहून पहाटे कोल्हापूरला पोचलात आणि मुक्कामानंतर सकाळी मोजलंत, तर थोडाफार फरक चारही चाकांत सारखा दिसेल. एकाच चाकात दिसला तर ती थंडी नव्हे.

साबणाचं पाणी, आणि थोडा धीर

गळती शोधायला मोठं यंत्र लागत नाही. भांडी घासायचा द्रव साबण पाण्यात मिसळून फवारणीच्या बाटलीत भरा. चाकात पट्टीवरच्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त हवा भरा, म्हणजे बारीक गळतीही बोलू लागते. तपासणी झाली की ती परत काढायची.

सुरुवात व्हॉल्व्हपासून. टोपी काढून तोंडावर साबणाचा थेंब टाका. तो फुगायला लागला तर आतली पिन सैल आहे किंवा तिचं रबर गेलंय. मग व्हॉल्व्हच्या बुडाशी, जिथे तो रिममध्ये शिरतो तिथे, पाणी फवारून व्हॉल्व्ह बोटाने हळूच चारी बाजूंना वाकवा. पुष्कळदा सरळ असताना काहीच दिसत नाही आणि वाकवला की बुडातली भेग उघडून बुडबुडे येतात. ही भेग धोक्याची. चाक वेगात फिरताना व्हॉल्व्ह बाहेरच्या दिशेने ओढला जातो आणि नेमका तेव्हाच जास्त गळतो. उभ्या गाडीत शाबूत, लांबच्या प्रवासात उतरलेलं, असं चाक असेल तर आधी इथे बघा.

नंतर नक्षीचा भाग. गाडी हातभर पुढे सरकवत पूर्ण चाक बघायचं, कारण खिळा हमखास जमिनीला टेकलेल्या भागात लपतो. खाचांत अडकलेले खडे स्क्रू ड्रायव्हरने काढत चला. खिळा सापडलाच तर तिथेच उपटू नका. निम्म्या वेळा तोच भोक बुजवून बसलेला असतो. खडूने खूण करा, हवा पूर्ण भरा आणि जवळच्या दुकानापर्यंत जा.

शेवटी रिम आणि टायर जिथे भेटतात ती गोल कड, बाहेरून आणि आतूनही. आतली बाजू बघायला चाक काढावं लागतं, म्हणून ती राहून जाते आणि दुखणं तिथेच असतं. या कडेची गळती ठळक बुडबुडे देत नाही. पाणी फवारून मिनिटभर थांबा. आधी काहीच नसतं, मग कडेच्या दोन-तीन इंचांवर दाट, बारीक पांढरा फेस जमायला लागतो आणि सावकाश वाढत राहतो. घाई करणाऱ्याला हा फेस दिसतच नाही.

हर्णैच्या आमच्या एका काकांची गाडी अशीच होती. पुढचं डावं चाक सारखं बसायचं, दोन-तीन ठिकाणी दाखवून झालं, खिळा कुणालाच मिळाला नाही, आणि नवा टायर घ्या असाही सल्ला मिळाला. शेवटी दापोलीच्या एका पंक्चरवाल्याने चाक काढून पाण्याच्या टाकीत उभं धरलं आणि म्हणाला, "पंक्चर नाय वो काका, रिम सोडतेय हवा." टायर उतरवल्यावर अलॉयच्या आतल्या कडेवर रंगाचे पोपडे निघाले. खाली पांढरी भुकटी, आणि भुकटी झाडल्यावर खडबडीत खड्डे. टायर अगदी ठणठणीत होता.

रिमची कड: किनाऱ्यावरचं खास दुखणं

ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडवून धरतं ते टायरच्या कडेचं रबर, जे रिमच्या आतल्या पायरीवर घट्ट दाबून बसतं. दोघांमध्ये दुसरं काहीही नसतं. ती पायरी गुळगुळीत असेल तोवरच सगळं ठीक.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. ते रिमवर बसतात, दमट हवेत पाणी धरून ठेवतात, आणि रंगाला जिथे चरा गेला असेल तिथून धातू खायला लागतात. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. त्याचा गंज पांढरा असतो, भुकटीसारखा, आणि तो रंगाच्या थराखालून पसरत जातो. लोखंडी रिमवर तांबूस पापुद्रे सुटतात. दोन्हींत परिणाम एकच: रबराखालची पायरी खडबडीत होते आणि हवेला वाट मिळते. पुळणीवर गाडी घालणाऱ्यांच्या बाबतीत हे फार लवकर होतं. कर्दे असो की मुरूड, ओल्या वाळूवर गाडी फिरवायची हौस महागात पडते, कारण खारी वाळू रिमच्या आतल्या बाजूला जाऊन बसते आणि नुसतं वरवर धुतल्याने निघत नाही. फेरीबोटीच्या जेटीवरही भरतीच्या वेळी उतारावरचं पाणी चाकांवर येतं. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा असे वरचेवर जाणारे असाल, तर घरी आल्यावर गोड्या पाण्याचा पाइप चाकाच्या आतून, मागच्या बाजूनेही फिरवा. ब्रेक गार झाल्यावर फिरवा, एवढीच काळजी.

दुरुस्ती अवघड नाही, फक्त ती पूर्ण करायला लावा. टायर रिमवरून सोडवायचा, पायरी तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने घासून धातू गुळगुळीत करायचा, टायरची कडही पुसून घ्यायची, मग कडेला लावायचं सीलंट लावून टायर परत बसवायचा. जमलं तर शेजारी उभं राहून बघा. घासण्याचं काम कंटाळवाणं असल्याने तिथेच घाई होते, आणि गंजावरच सीलंट फासलं तर सहा महिन्यांत पुन्हा तोच फेस. टायर बसवताना साबणाचं पाणी किंवा टायरचीच पेस्ट वापरू द्या. ग्रीस किंवा इंजिनचं जुनं ऑइल नको. खनिज तेलाने रबर फुगून मऊ पडतं. खड्डे फार खोल असतील तर रिम बदलणं किंवा नीट घासून पुन्हा रंगवून घेणं हाच मार्ग. मात्र रंगवताना पायरीवर स्प्रेचे जाड थर चढले, तर तेच पुढे पापुद्रे होऊन सुटतात आणि गळती परत सुरू होते. हे रंगवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

रिम वाकलेली असेल तर लक्षण थोडं वेगळं दिसतं. एखाद्या रात्रीत चाक बसतं, मग चार दिवस काही नाही. वाकलेला भाग जमिनीकडे आला की वजनाने फट उघडते आणि वर गेला की मिटते. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे कळत नाही, आणि रिम बहुतेक त्यातच वाकते. लोखंडी रिम ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला असेल तर वेल्डिंग करून तिच्यावर घाट उतरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू कमजोर होतो आणि तडा शेजारून पुन्हा निघतो. अशी रिम बदलाच, खर्च जिवाला लागला तरी.

व्हॉल्व्हची टोपी आणि पिन

टोपी हरवली की आपण ती पुन्हा लावत नाही. इथे ती लावायलाच हवी. वाळू आणि खारट ओल पिनच्या तोंडाशी जाते, हवा भरताना दाबाने आत ढकलली जाते आणि पिन नीट मिटत नाही. प्लॅस्टिकची साधी टोपी उत्तम. चकचकीत ॲल्युमिनियमच्या टोप्या खाऱ्या हवेत पितळी व्हॉल्व्हवर गच्च धरतात आणि पकडीने पिळताना व्हॉल्व्हच तुटून हातात येतो. पिन बदलणं दोन मिनिटांचं आणि अगदी किरकोळ खर्चाचं काम आहे. रबरी व्हॉल्व्ह मात्र नवा टायर घालताना दर वेळी नवाच घ्या; टायरच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

गाडीला टीपीएमएस, म्हणजे चाकातल्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा, असेल तर बहुधा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असतो. त्यात साधी पितळी पिन घातली तर दोन धातू आणि मीठ यांच्या संगतीने ती आत जाम होते. निकेलचा मुलामा असलेली पिनच मागा.

नायट्रोजनबद्दल विचारणा होते म्हणून थोडक्यात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो हा खरा फायदा, कारण आपल्याकडे पावसाळ्यात काँप्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि ते टायरमध्ये जातं. पण टाकीचं पाणी नियमित सोडणाऱ्या दुकानातली साधी हवा पुरेशी आहे, आणि गळती असेल तर नायट्रोजनही त्याच वाटेने जातो.

पंक्चर काढलेलंच पुन्हा गळतंय

बाहेरून दोरी कोंबून काढलेलं पंक्चर घरी पोचण्यापुरतं धरा. भोक सरळ आणि बारीक असेल तर ती दोरी वर्षभरही टिकते, पण तिच्या कडेने पाणी आत शिरून टायरमधल्या पोलादी तारा गंजवतं, आणि आपल्या पावसात पाण्याची काय कमी? कायमचं काम म्हणजे टायर उतरवून आतून मश्रूम पॅच. त्याचा देठ भोकात जातो आणि छत्री आतून चिकटते. टायर उतरवल्यामुळे आतली पाहणीही होते, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. चाक बसलेलं असताना गाडी थोडी जरी चालवली असेल तर टायरच्या आत काळी रबराची भुकटी पडलेली दिसते, बाजूच्या आतल्या अंगाला गोल चट्टा उमटतो. असा टायर बाहेरून नवा दिसला तरी त्याच्या दोऱ्या चुरडलेल्या असतात. तो पॅच लावून परत घालू नका.

पॅच फक्त नक्षीच्या मधल्या भागात लागतो, भोक सहा मिलिमीटरपर्यंत असेल तरच. खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, किंवा बाजूला कापलं असेल तर दुरुस्ती नाही. तिथे रबर पातळ असतं आणि सतत वाकत असतं, पॅच धरत नाही. बाजूवर फुगा दिसला तर आतल्या दोऱ्या तुटल्या आहेत. "अजून महिनाभर चालेल" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका.

दुचाकीला वारंवार पंक्चर होत असेल

ट्यूबच्या चाकात भोक कुठल्या बाजूला आहे ते आधी विचारा. ट्यूब काढण्यापूर्वी टायरवर व्हॉल्व्हसमोर खडूची खूण करा, म्हणजे भोक सापडल्यावर टायरवर आणि रिमवर नेमकी ती जागा काढता येते. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर टायरच्या आत त्याच जागी काटा, तारेचं टोक किंवा शिंपल्याची कपची रुतून बसलेली असणार. ती काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर तीही जाणार. बोटाने चाचपू नका, फडकं फिरवा, ते अडकतं. भोक आतल्या, म्हणजे रिमच्या अंगाला असेल तर रस्त्याचा काही दोष नाही. गंजलेल्या तारांची टोकं रिममधून वर आली आहेत किंवा वरची रबरी पट्टी कुजली आहे. समुद्रकाठच्या मोटारसायकलींना हे फार होतं. टोकं कानशीने घासून नवी पट्टी घातली की वर्षानुवर्षांचं दुखणं थांबतं. आणि ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटत असेल तर हवा कमी ठेवून चालवली जातेय. ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला ओढतो.

झीज काय सांगते

हवेचा प्रश्न सुटला का, हे टायरची नक्षीही सांगते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग उंच राहिला तर हवा बराच काळ कमी होती. मधलाच पट्टा गेला तर जास्त होती. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, आणि गोलाकार ठिकठिकाणी खळगे पडलेत तर शॉक ॲब्सॉर्बर बघा. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी चाकं आतून धुवा. लाल मातीचा चिखल रिमच्या आत एका बाजूला वाळून बसतो आणि तेवढ्या वजनानेही चाक थरथरतं.

कारच्या टायरला कायद्याने किमान १.६ मिलिमीटर नक्षी हवी. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे बांध असतात, बाजूवर टीडब्ल्यूआय किंवा लहान त्रिकोण जिथे असेल त्याच्या समोर. नक्षी त्या बांधाला टेकली की टायर संपला. पण हा आकडा कोकणच्या पावसासाठी पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीत तो सात हजारांच्या घरात जातो, आणि तोही चार महिन्यांत. खाचांचं काम टायरखालचं पाणी बाहेर फेकणं. त्या उथळ झाल्या की पाणी बाहेर पडायला वेळ मिळत नाही, चाक पाण्यावर तरंगतं, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. असं झालं तर जोरात ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि चाकं सरळ धरा. नक्षी तीन मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर मिरगाच्या आधीच टायर बदला.

दोनच नवे घेणार असाल तर ते मागे घाला. सगळीकडे उलट सांगतात, "इंजिन पुढे, ब्रेक पुढे, नवे पुढे." पण ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, आपल्याला लगेच कळतं, वेग कमी केला की पकड परत येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि घाटात ती सावरणं सरावलेल्या माणसालाही कठीण.

महिनोन् महिने उभी असलेली गाडी

गणपतीनंतर झाकून ठेवलेली गाडी शिमग्याला बाहेर काढणारी घरं गावोगावी आहेत. त्या टायरची नक्षी नव्यासारखी असते, म्हणून कुणाला शंका येत नाही. वय बघा. बाजूवर डीओटीच्या ओळीत शेवटचे चार अंक असतात. २२१९ म्हणजे २०१९ सालचा बाविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाकावा. उन्हाच्या बाजूला बारीक भेगांचं जाळं दिसलं तर त्याआधीच. गाडी ठेवताना तीन-चार पीएसआय जास्त भरा, ओल्या मातीऐवजी फरशीवर उभी करा, आणि घरी राहणाऱ्या कुणाला तरी पंधरा दिवसांनी ती थोडी पुढे-मागे करायला सांगा. नाहीतर टेकलेला भाग चपटा होतो. सुरुवातीचे काही किलोमीटर धाडधाड करून तो गोल झाला तर ठीक, आवाज राहिलाच तर टायर कामातून गेला.

नट, स्टेपनी आणि घाटातली वेळ

सगळं केलं तरी एखाद दिवशी चाक बदलायची वेळ येतेच, आणि इथे दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली, नट. दुकानात हवेच्या गनने ते इतके आवळतात की गाडीतल्या पान्याने हलत नाहीत, वर गंज चढतो. गनने फक्त लावून, शेवटचं आवळणं हातपान्याने करायला सांगा, समोरासमोरचे नट आळीपाळीने. बहुतेक लहान गाड्यांना १०० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर एकदा परत तपासा.

दुसरी, नट निघतात पण चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसवलेलं असतं त्या मधल्या भागाला, धरून बसतं. लोखंडी हब, अलॉय रिम आणि खारी हवा. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, चारही चाकं काढून हबची गोल कड घासा आणि तिथे ग्रीसचा पुसट हात द्या. नटांच्या आट्यांना आणि ब्रेकच्या डिस्कला मात्र ग्रीस लागता कामा नये. त्याच वेळी घरचा जॅक आणि पाना वापरून बघा, म्हणजे परशुराम घाटात भर पावसात पहिल्यांदा शिकावं लागणार नाही.

स्टेपनीची हवा बाकीच्यांबरोबर मोजा. ती बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय लागते आणि वेग ८० च्या वर न्यायचा नसतो. दोन्ही गोष्टी तिच्यावरच छापलेल्या असतात. २०२० च्या नियमबदलानंतर टीपीएमएस आणि दुरुस्तीचा संच असलेल्या काही गाड्यांना स्टेपनी येतच नाही. तुमची तशी असेल तर एक लक्षात घ्या, त्या संचाने फक्त नक्षीतलं बारीक भोक बुजतं, जांभ्याच्या कडेने कापलेली बाजू बुजत नाही. आंबोली, करूळ, वरंध अशा घाटांतून वरचेवर जाणं होत असेल तर डिकीत जागा करून पूर्ण मापाचं पाचवं चाक विकत घेऊन ठेवा, आणि गाडीला चालेल असा जॅकही.